दुपारी बारा ते पाच

नागपुरात मे महिन्यात कुठलंही समाजभवन पाहा, दुपारी बारा ते पाच त्याला कुलूप असतं. तसा कुणी ठराव केलेला नसतो. सकाळचा योगवर्ग आटोपतो, बचतगटाच्या बायका हिशेब करून उठतात, आणि साडेदहापासून माणसं आपोआप पांगायला लागतात. चौकीदार दार ओढून घेतो. पुन्हा ते उघडतं ऊन कललं की. टिनाच्या घरात राहणाऱ्या माणसाला टेकायला बरी जागा हवी असते ती नेमकी या पाच तासांत, आणि वस्तीच्या मालकीचा एकुलता एक मोठा हॉल नेमका तेव्हाच बंद. मला हे फार वर्षं खुपत आलं आहे. अनुदान, निधी, सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) या जगात मी शिरले ती याच्यापायी.

आमचं समाजभवन रामेश्वरीच्या बाजूला आहे. चार भिंती, वर स्लॅब, मागच्या अंगाला अभ्यासिकेची खोली. साक्षगंध, नामकरण, शोकसभा, लसीकरण, निवडणुकीचं बूथ, सगळं तिथंच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावची मंडळी दीक्षाभूमीवर येतात, तेव्हा रात्री पाठ टेकायला इथं सतरंज्या अंथरलेल्या असतात. अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची मुलं बसतात. यातल्या बहुतेकांच्या घरी दोन खोल्यांत पाच-सहा माणसं असतात. घरी अभ्यास होत नाही म्हणून ती इथं येतात, आणि एप्रिल उजाडला की त्यांना आपणच दुपारी बाहेर काढतो.

याचं कारण डोक्यावर आहे. नागपूरच्या उन्हाविषयी वेगळं सांगायला नको, तरी एक आकडा नोंदवून ठेवते: २३ मे २०१३ रोजी इथं ४७.९ अंश तापमान होतं. पण हॉलमधला त्रास हवेच्या तापमानाएवढाच नसतो. चार-पाच इंचांची काँक्रीटची स्लॅब सकाळपासून ऊन पीत राहते. भर उन्हात तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो. ही उष्णता आतल्या बाजूला पोचायला काही तास घेते. त्यामुळे बाहेर संध्याकाळ झाली, वारा सुटला, तरी छत रात्री दहा-अकरापर्यंत खाली आग ओकत असतं. लग्नघरातला मोठा गंज चुलीवरून उतरवला तरी तासन्‌तास गरम राहतो, तसं. आणि आपण काय करतो? त्या छतालाच पंखे टांगतो. पंखा वरची तापलेली हवा ओढून खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सोडतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्या हॉलमध्ये पंखा बंद करा असं म्हणणारे लोक मी पाहिलेत.

कूलर आहेत की, असं कुणीही म्हणेल. आहेत, दोन मोठे आहेत. पण कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला आणि आतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते. आपल्याकडे थंडावा टिकावा म्हणून लोक समोरच्या खिडक्या लावून घेतात आणि तासाभरात आत चिकचिक होते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हवेतच इतकी ओल येते की नवीन ताट्या लावल्या काय आणि जुन्या काय, कूलर निव्वळ आवाज करतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्याचा आधार खरा, पण तापलेल्या छताशी त्याने कुठवर झुंजायचं?

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा पहिला शब्द आला तो सोलरचा. सगळ्यांच्या तोंडी तोच. पेपरात रोज जाहिरात, शेजारच्या बंगल्यावर पॅनल, त्यांचं बिल शून्य. आमचे काकाजी, वय ऐंशीच्या पुढे, संस्थेचे सगळ्यात जुने विश्वस्त, म्हणाले, ‘‘ताई, सोलर लावून टाका ना. सरकार पैसे देऊन राहिलं.’’

सरकार पैसे देतं हे खरं आहे, पण कुणाला ते पाहावं लागतं. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापराच्या जोडणीलाही किलोवॅटमागे १८,००० आहेत. आमची जोडणी मात्र सार्वजनिक न्यासाच्या नावावर. ती घरात बसत नाही आणि सोसायटीतही बसत नाही. फ्लॅट स्कीमच्या क्लब हाउसला जे अनुदान मिळू शकतं ते वस्तीच्या समाजभवनाला मिळत नाही, ही गोष्ट मला आजही पटलेली नाही. त्यावर बोललं पाहिजे, आमदार-खासदारांपुढे मांडलं पाहिजे.

पण अनुदान असतं तरी मी सोलर आधी लावू दिलं नसतं. यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. माझं म्हणणं एवढंच होतं की आधी आपली गरज किती ते मोजू. वायरमन भाऊंना बोलावलं, त्यांच्यासोबत वही घेऊन हॉलभर फिरले. २४ पंखे, सगळे जुने, प्रत्येकी ७५ वॅटच्या घरातले. ३० ट्यूबलाइट, जुन्या पट्ट्यांच्या, चोकसकट धरल्या तर एकेक ५० वॅट. म्हणजे पंख्यांचे १,८०० आणि ट्यूबांचे १,५०० वॅट. सगळं एक तास चालवलं तर ३.३ युनिट, कूलर वेगळे. आता हेच बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे असते तर पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास, आणि एलईडी पट्ट्या २० वॅटच्या. एकूण भरतात १,३२० वॅट. तासाला १.३ युनिट. वारा तेवढाच, उजेड उलट जास्त.

वायरमन भाऊंनी आकडा दोनदा लिहून पाहिला. म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचा निम्म्याहून जास्त भार तर इथंच उतरते. मंग सोलर तेवढंच लहान लागन ना.’’ मी बैठकीत जे सांगायला धडपडत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. एक किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतं आणि त्याला शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. गळक्या पंपाखाली मोठी टाकी ठेवायची की आधी गळती बंद करायची, एवढाच प्रश्न होता. काकाजींनी तो पटवून घेतला. विश्वस्त म्हणून ही त्यांची मोठी गोष्ट मी मानते. या वयात माणसं सहसा आपला शब्द मागे घेत नाहीत.

मग पैसे शोधायला निघालो. इथं मला जे दिसलं ते सविस्तर सांगते, कारण नागपुरातल्या कितीतरी मंडळांना हेच दिसणार आहे.

आमदार निधी असो की खासदार निधी, त्याचा सगळा कल काहीतरी नवीन उभं करण्याकडे असतो. नवीन सभागृह मागा, वॉल कंपाउंड मागा, फ्लोअरिंग मागा, विचार होतो. अंदाजपत्रक बनतं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश अशी गाडी पुढं सरकते. शेवटी कोनशिला बसते. पण ‘असलेल्या हॉलच्या गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा लेप’ असं लिहून नेलं तर एका कार्यालयात मला सांगण्यात आलं की रंगरंगोटीला निधी नसतो. मी म्हटलं, ही रंगरंगोटी नाही, यामुळे आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. समोरचा माणूस वाईट नव्हता. त्याने दरसूचीचं पुस्तक उघडून खरोखर शोधलं. त्याच्यापुढचा प्रश्न खरा होता: काम कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं? ज्याला शीर्ष नाही त्याला पैसा नाही.

महाऊर्जेचं विभागीय कार्यालय नागपुरात आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि राज्यात त्याची अंमलबजावणी पाहणारी संस्था ही. तिथं माहिती घेणं प्रत्येक मंडळानं करावं. पण छोट्या मंडळाला सगळ्यात जवळचा रस्ता उरतो तो सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायची. कोळसा आणि मँगनीजच्या मोठ्या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत, बुटीबोरी आणि हिंगण्याला कारखाने आहेत. पैसा शहरात आहे.

तो मिळवायला लागतात कागद. आणि कागदांत आपण सारे अडकतो. आयकर खात्याकडची १२-ए आणि ८०-जी नोंदणी. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक. तीन वर्षांचे ऑडिट. जागेची आखीव पत्रिका (मालकीचा उतारा), आणि जागा नझूलची, म्हणजे सरकारी, किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरची असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का त्याचा पुरावा. नागपुरात हा प्रश्न घरोघरी आहे, समाजभवनं त्यातून कशी सुटतील? शिवाय धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा, त्यावर सध्याच्या विश्वस्तांची नावं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात कितीतरी मंडळांच्या उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं असतात, कारण नवे विश्वस्त निवडून आले, हार-तुरे झाले, अहवाल कुणी दिलाच नाही. आमच्या उताऱ्यावरही दोन नावं तशी होती. त्यांच्या घरी जाऊन मृत्यूचे दाखले मागावे लागले. एका घरी वहिनींनी दाखल्यासोबत त्यांच्या यजमानांची जुनी वही काढून दिली. तिच्यात हॉल बांधताना गोळा केलेल्या वर्गणीची पानं होती. पाच रुपये, दोन रुपये, एका ठिकाणी ‘सिमेंट एक पोतं, मजुरी घेतली नाही’. मी त्या पानांचे फोटो काढून अर्जाला जोडले. कुणी मागितले नव्हते. पण ही इमारत कशाची बनली आहे हे अर्ज वाचणाऱ्याला कळावं असं मला मनापासून वाटलं.

गच्चीसाठी मात्र आम्ही कुणाची वाट पाहिली नाही. पुन्हा वर्गणी काढली. मार्चमध्ये गच्ची घासून धुतली, भेगा भरल्या, आणि वस्तीतल्याच पोरांनी पांढऱ्या लेपाचे दोन हात मारले. पहिल्या दिवशी अर्धीच गच्ची झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास मी आणि अभ्यासिकेतली एक मुलगी वर गेलो. तिने चपला काढल्या आणि पांढऱ्या भागावर उभी राहिली. डोळे मिचकावत होती, कारण खालून उजेड अंगावर येत होता, पण उभी होती. मग तिने एक पाय शेजारच्या करड्या भागावर टेकवला आणि झटक्यात उचलला. ‘‘काकू, तुम्ही बी करून पाहा.’’ मी करून पाहिलं. दोन्हीमध्ये रेघेचं अंतर होतं. नवा लेप ऊन बराचसा परतवून लावतो, एवढं मी पुस्तकात वाचलेलं होतं. तळपायाला कळलं ते वेगळंच. त्यानंतर गच्चीच्या कामाला हात लावायला पोरं शोधावी लागली नाहीत.

पंखे आणि एलईडी पट्ट्यांसाठी एका कंपनीने होकार दिला. रक्कम मोठी नव्हती. बीएलडीसी पंखा तीन हजारांच्या आसपास येतो, त्यावरून अंदाज करता येईल. पण आमच्यासाठी ती फार होती. उन्हाळा तोंडावर असताना पंखे बसले आणि एप्रिलपासून आम्ही हॉल दुपारचा उघडा ठेवायला लागलो.

आता इथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

आधी उन्हाळ्यात हॉल दिवसाला जेमतेम पाच तास चालायचा. आता बारा तास चालू लागला. अभ्यासिकेत जागा पुरेना, म्हणून मुलं मोठ्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसू लागली. टिनाच्या खोल्यांमधले म्हातारे-कोतारे दुपारी येऊन भिंतीकडेला लवंडू लागले. एक बाळंतीण महिनाभर रोज बाळाला घेऊन यायची. दुपारी अडीचला आत साठेक माणसं असायची, आणि कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण पोरं अभ्यास करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि लाइट बिल? जवळपास तेवढंच आलं.

हिशेब सरळ आहे. आधी तासाला ३.३ युनिट, पाच तास, म्हणजे दिवसाला साडेसोळा. आता तासाला १.३ युनिट, बारा तास, म्हणजे पावणेसोळाच्या आसपास. वीज तेवढीच, हॉल दुपटीहून जास्त वेळ उघडा.

कंपनीला अहवाल द्यायचा होता. फॉर्ममध्ये एक रकाना होता, वार्षिक वीजबचत. दुसरा, गुंतवणुकीचा परतावा किती वर्षांत. वर्षभराची बिलं शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही रकान्यांत लिहायला काही उरत नव्हतं. फोनवरच्या तरुण अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, ‘‘मॅडम, मग प्रकल्पाचा फायदा काय दाखवायचा?’’ त्याच्या वरिष्ठांना तो काय सांगणार याची त्याला काळजी होती. मी त्याला म्हटलं, तुम्ही मे महिन्यात दुपारी दोनला एकदा या. तो आला नाही. तो पुण्यात बसतो, त्याला दोष देत नाही.

पण या प्रश्नावर मी त्यानंतर खूप विचार केला आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. ऊर्जा बचतीचे सगळे फॉर्म असं धरून चालतात की अर्जदाराची गरज आज पूर्ण भागते आहे, फक्त वीज वाया जाते आहे. कारखान्याला, मॉलला, एसी ऑफिसला हे लागू पडतं. ते आधीच हवा तेवढा थंडावा वापरत असतात, त्यामुळे यंत्रं सुधारली की बिल उतरतं. गरीब वस्तीतला हॉल तसा नसतो. तो बिलाच्या धाकाने आणि उकाड्यामुळे आधीच बंद ठेवलेला असतो. त्याची काटकसर माणसांनी अंगावर सोसून केलेली असते. अशा जागी यंत्र सुधारलं की वाचलेली वीज आधी त्या दाबलेल्या गरजेकडे जाते, आणि तिथंच ती गेली पाहिजे. बिल उतरलं नाही म्हणून काम फसलं असं ज्या मोजपट्टीने ठरतं, ती मोजपट्टी आमच्यासारख्यांना कायम नापास करणार. जो आधीच भरपूर वापरतो त्याला बचतीचं अनुदान सहज मिळेल, आणि जो वापरूच शकत नव्हता त्याला मिळणार नाही. हा अन्याय आहे, आणि तो एका रकान्यातून होतो.

पर्यावरणाचं काय, हा प्रश्न मला आमच्याच एका तरुण सदस्याने विचारला. रास्त प्रश्न आहे. कोराडी आणि खापरखेडा आपल्या उशाशी आहेत. एकट्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि उत्तर नागपूरपलीकडच्या गावांना राख म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण दुपारी ती साठ माणसं हॉलमध्ये नसती तर कुठे असती? आपापल्या खोलीत, प्रत्येकाचा वेगळा कूलर लावून, किंवा कूलर नसल्याने उष्माघाताच्या उंबऱ्यावर. एका छताखाली २४ पंखे ७२० वॅटमध्ये फिरतात, त्यात साठ माणसांना बारा-बारा वॅट आले. याहून स्वस्त आणि स्वच्छ थंडावा या शहरात मला तरी माहीत नाही. शहराचा उष्मा कृती आराखडा आहे, त्यात पाणपोई येते, बाग दुपारी उघडी ठेवणं येतं. समाजभवनं उघडी ठेवणंही त्यात ठळकपणे यायला हवं, आणि त्यासाठी पैसा.

म्हणून नव्या अर्जात आम्ही दोन गोष्टी केल्या आहेत. चौकीदाराला एक नोंदवही दिली. हॉल किती वाजता उघडला, किती वाजता बंद झाला, दुपारी दोनला आत माणसं किती, एवढंच तो लिहितो. आणि बचतीच्या रकान्यात आम्ही बिलाची तुलना न देता हॉल उघडा असतानाच्या एका तासाला लागणारी वीज दिली आहे, आधीची आणि आताची, मीटरच्या वाचनासह. खाली तीन ओळींत कारण लिहिलं आहे. वस्तीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी ती गणितं तपासून सही केली.

या वेळची मागणी आहे दोन किलोवॅट सोलरची, नेट मीटरिंगसह (उरलेली वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करायची सोय), आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडेल अशा पत्र्याच्या पडवीची. तीन वाजल्यानंतर तीच भिंत तापते आणि अभ्यासिका तिलाच लागून आहे. सोलर आता चालेल. गरज लहान झाली आहे, पॅनलही लहान पुरेल, आणि त्याची गच्चीवर जी सावली पडेल ती वरकमाई. काकाजींनी अर्जावर सही करताना विचारलं, ‘‘आता तर होऊन जाईन ना?’’ मी हो म्हटलं नाही. कंपनीच्या समितीची बैठक पुढच्या तिमाहीत आहे.

तोवर गच्चीवरची पावसाळ्यानंतरची धूळ धुऊन काढायची आहे, कारण लेप मळला की ऊन परतवणं कमी होतं, आणि फेब्रुवारी संपायच्या आत आणखी एक हात मारायचा आहे. आपल्या वस्तीतल्या हॉलचं असंच काही करायचं कुणाच्या मनात असेल तर सगळ्यात आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढून नावं तपासा. वेळ तिथंच सर्वात जास्त जातो.